क्वाटरमास कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दूरचित्रवाणीवरच्या भयकथा आणि विज्ञानकथांवर पानभर लेख आला आहे. लेख मन लावून लिहिलेला आहे आणि मराठी वर्तमानपत्राने या विषयाला अख्खं पान दिलं याचा मला मनापासून आनंद झाला. त्यात ब्रिटनमधल्या 'क्वाटरमास' मालिकांचा आणि त्यांच्यावरून निघालेल्या सिनेमांचा उल्लेख आहे. बीबीसीचं नाव आहे, सिनेमे काढणाऱ्या 'हॅमर' कंपनीचं आहे, नटांची नावंही आहेत. मात्र ज्याने प्रोफेसर क्वाटरमास हा माणूस जन्माला घातला आणि त्याच्या तोंडची वाक्यं लिहिली, त्या नायजेल नील यांचं नाव त्या पानावर कुठेच नाही. एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबेल याची मला कल्पना आहे. जागेनुसार हवं तेवढं कापा, पण ते नाव तेवढं राहू द्या.

मी मराठी मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते. रोज प्रक्षेपित होणाऱ्या मालिका लिहून माझं घर चालतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला पेंग्विनने काढलेलं एक पातळ पुस्तक मिळालं. ती कादंबरी नव्हती. 'क्वाटरमास अँड द पिट' या मालिकेची ती संहिता होती, सहाही भागांची. टीव्हीची संहिता पुस्तक म्हणून कुणी छापतं आणि लोक ती विकत घेऊन वाचतात, हेच मला तोवर माहीत नव्हतं. पेंग्विनने क्वाटरमासच्या तोवरच्या तिन्ही संहिता १९५९-६० मध्ये छापल्या होत्या. मी भाग कसा बांधायचा, कुठे थांबायचं, प्रेक्षकाला किती सांगायचं आणि किती हातचं राखायचं, हे त्या पुस्तकावरून शिकले. तेव्हा नील यांच्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

त्यांचा जन्म एप्रिल १९२२ चा, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बॅरो-इन-फर्नेस गावातला. घराणं मूळचं आइल ऑफ मॅन या बेटावरचं. नायजेल सहा वर्षांचा असताना कुटुंब बेटावर परत गेलं. वडील तिथे स्थानिक वर्तमानपत्र चालवत. मुलाला ऊन सोसत नसे, तसा विकारच होता, आणि त्यामुळे महायुद्धात सैन्याने त्यांना घेतलं नाही. काही काळ वकिलीचे धडे गिरवले, त्यात जीव रमला नाही. १९४६ मध्ये ते लंडनला नाट्यशिक्षणासाठी आले आणि किरकोळ भूमिकाही केल्या. पण हात कथेकडे वळत होता. १९४९ मध्ये 'टोमॅटो केन' हा कथासंग्रह आला आणि पुढच्याच वर्षी त्याला सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. त्या वयाच्या लेखकासाठी हा मोठा मान होता. आता कादंबरी लिहा, असं प्रकाशकाचं म्हणणं होतं. नील टीव्हीकडे गेले.

हा निर्णय आज समजणं कठीण आहे. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये एकच वाहिनी होती, बीबीसीची. नाटकं म्हणजे बहुधा रंगभूमीवरचीच, कॅमेऱ्यासमोर उभी केलेली. टीव्हीसाठी म्हणून लिहिणारा लेखक ही जातच तयार झाली नव्हती. नाट्यविभागाचे प्रमुख मायकल बॅरी यांच्याकडे नव्या संहितांसाठी वर्षाला अवघे अडीचशे पौंड होते. ते सगळे त्यांनी या एका तरुणाला नेमण्यावर घातले. बॅरी यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पैसा सेटवर, कपड्यांवर, ताऱ्यांवर घालणारे पुष्कळ असतात. लेखकावर सगळा गल्ला रिकामा करणारा अधिकारी मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे व्हिएन्नात जन्मलेले, नाझी राजवटीमुळे निर्वासित होऊन आलेले दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए बीबीसीत आले. तिथली नाटकं संथ आणि शब्दबंबाळ आहेत यावर दोघांचं एकमत झालं. १९५३ च्या उन्हाळ्यात शनिवार रात्रीचा सहा आठवड्यांचा स्लॉट रिकामा पडत होता, तो भरायला नील यांनी 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' लिहायला घेतलं. नायकाचं आडनाव त्यांनी लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं आणि 'बर्नार्ड' हे नाव रेडिओ-दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांच्यावरून घेतलं. १८ जुलैला पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा शेवटचे भाग लिहून व्हायचे होते! आमच्याकडे तयार भागांच्या साठ्याला बँक म्हणतात. बँक संपली की सेटवर नट मेकअप करून बसलेले असतात आणि लेखक घरात सीन पूर्ण करत असतो. त्या अवस्थेत चांगलं लिहिता येतं, यावर माझा विश्वास बसला तो नील यांच्यामुळे.

आणि बीबीसीत तर सगळं थेट चाललेलं. अलेक्झांड्रा पॅलेसमधला स्टुडिओ आणि कॅमेरे १९३६ सालचे. नट चुकला तर चूक देशभर दिसणार. त्या तुटपुंज्या साधनांनी त्यांनी काय सांगितलं पाहा. तीन माणसं अंतराळात जातात. यान कोसळतं, दार उघडतं, आत एकच माणूस सापडतो. बाकी दोघांचे पोशाख जागच्या जागी, बंद, पण आत कुणी नाही. वाचलेल्या व्हिक्टर कॅरूनला हळूहळू अशा गोष्टी ठाऊक असल्याचं दिसतं, ज्या फक्त त्याच्या नाहीशा झालेल्या साथीदारांनाच ठाऊक होत्या. तो ज्याला स्पर्श करतो त्याच्याशी एकजीव होऊ लागतो. इस्पितळात तो निवडुंगाला हात घालतो आणि तिथून पुढे तो माणूस उरत नाही. या भयाला रक्त लागलं नाही, किंकाळी लागली नाही. एक ओळखीचा, आजारी, घाबरलेला माणूस दर शनिवारी थोडाथोडा नाहीसा होताना लोक पाहत होते. पहिल्या भागाला अंदाजे ३४ लाख प्रेक्षक होते, शेवटच्या भागाला ५० लाख.

शेवट वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये. त्याच वर्षी २ जूनला तिथेच राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि अनेक घरांत टीव्ही आला तो त्या सोहळ्यासाठी. काही आठवड्यांनी त्याच पडद्यावर, त्याच ॲबेच्या कमानींत तो वनस्पतीसारखा राक्षस पसरलेला दिसला. बीबीसीकडे राक्षसासाठी पैसे नव्हते. ॲबेच्या आतल्या भागाचा एक फोटो मोठा करून घेतला, त्याला भोकं पाडली आणि पानं-काटक्या चिकटवलेले हातमोजे घालून नील यांनी स्वतःचे हात त्यातून आत घातले. हातमोजे करायला त्यांच्या होणाऱ्या पत्नी जुडिथ कार यांनी मदत केली होती. बर्लिनमधून लहानपणी नाझींपासून पळालेल्या याच जुडिथ कार पुढे 'द टायगर हू केम टू टी' या बालपुस्तकाच्या लेखिका म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. त्यांचं नाव त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे आणि मुलांना ते पाठ आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन लेखकांचं नशीब असं वेगळं झालं, कारण एकाचं लेखन पडद्यावरून गेलं.

शेवटाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या लेखात सिनेमाचाच शेवट मालिकेचा म्हणून दिला आहे. मालिकेत क्वाटरमास त्या राक्षसाला मारत नाही. तो एकटा आत जातो आणि त्या आकारात अजून कुठेतरी शिल्लक असलेल्या तिघा माणसांशी बोलतो. तुम्ही माणसं आहात, याला आतून विरोध करा, असं विनवतो, आणि ते करतात. हॅमरने १९५५ मध्ये सिनेमा काढला तेव्हा राक्षसाला विजेचा धक्का देऊन जाळलं. क्वाटरमासच्या भूमिकेत अमेरिकन नट ब्रायन डॉनलेव्ही आले आणि विचारी, स्वतःच्या प्रयोगाचं ओझं वाहणारा शास्त्रज्ञ हुकूम सोडणारा दांडगट झाला. नील यांना तो अजिबात आवडला नाही आणि आयुष्यभर ते हे बोलत राहिले. मी त्यांच्या बाजूची आहे. बोलून माणसाला परत आणता येतं, ही त्या कथेची सगळी ताकद होती. वीज सोडल्यावर मागे फक्त युक्ती उरते.

सिनेमा जोरात चालला. 'हॅमर'ची भयपटांची परंपरा इथून सुरू झाली, पुढचा फ्रँकेनस्टाइन आणि ड्रॅक्युला याच यशावर उभे राहिले. नील यांना त्यातून काय मिळालं? काही नाही. ते बीबीसीचे नोकर होते, हक्क बीबीसीचे होते आणि बीबीसीने ते विकले. १९६७ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर चौदा वर्षांनी, बीबीसीने त्यांना कायद्याचं बंधन नसताना ३,००० पौंड दिले. तोवर क्वाटरमास देशातल्या प्रत्येकाला माहीत झाला होता. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमागृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा करारावर सही करूनही सोडता येणार नाही असा केला. माझ्यासारखीला त्या कलमाचं महत्त्व नील यांची कहाणी वाचल्यावर नीट कळतं. मी एका भयमालिकेसाठी एक म्हातारी उभी केली होती. पुढे तिचंच पात्र घेऊन दुसरी मालिका निघाली. मला कुणी कळवलं नाही आणि शीर्षकपट्टीत माझं नावही नव्हतं. ती म्हातारी अजून लोकांच्या तोंडी आहे.

१९५४ च्या डिसेंबरमध्ये नील आणि कार्टिए यांनी जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी टीव्हीवर आणली, पीटर कुशिंग यांना घेऊन. त्यावर एवढं वादळ उठलं की संसदेत ठराव मांडले गेले. राणीने आणि आपण ते पाहिलं, आवडलं, असं प्रिन्स फिलिप यांनी जाहीरपणे म्हटलं तेव्हा हवा थोडी निवळली. पुढच्या वर्षी 'क्वाटरमास टू' आली. सरकारी गुप्त कारखाना, आत काय चाललंय हे कुणी विचारायचं नाही, आणि विचारणारा परत येतो तो वेगळाच होऊन. कारखान्याची दृश्यं एसेक्समधल्या शेल हेवन या खऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात चित्रित झाली. या दोन्ही कामांवर मी इथे थांबत नाही, कारण मला 'द पिट'कडे यायचं आहे.

ती मालिका डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९ या काळात प्रक्षेपित झाली. लंडनमध्ये इमारतीसाठी पाया खणताना मजुरांना फार जुन्या, माणसासारख्या कवट्या सापडतात. आणखी खाली एक धातूसारखी वस्तू लागते. युद्धातला न फुटलेला बॉम्ब असेल म्हणून लष्कर येतं. पण ती वस्तू कुठल्याच हत्याराने कापली जात नाही. एका सैनिकाला भिंतीतून आरपार जाणारी आकृती दिसते. आजूबाजूच्या घरांतले लोक कधीच सोडून गेलेले आहेत. क्वाटरमास जुनी दप्तरं काढून बसतो आणि त्याला दिसतं की शतकानुशतकं जेव्हा जेव्हा तिथली जमीन कुणी खणली, विहिरीसाठी, भुयारी रेल्वेसाठी, तेव्हा तेव्हा लोकांना भुतं दिसली होती. भुताची गोष्ट आणि विज्ञानाची गोष्ट एकाच धाग्यात अशी ओवलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. शेवटी वस्तू उघडते आणि आत मोठ्या टोळांसारखे, पन्नास लाख वर्षांपूर्वी मेलेले मंगळवासी असतात. त्यांनी इथल्या वानरांना नेऊन बदललं, स्वतःच्या वृत्ती त्यांच्यात घातल्या आणि परत सोडलं. त्या वृत्तींतली एक म्हणजे आपल्यापेक्षा वेगळा दिसणाऱ्याला वेचून मारणं. खड्ड्यातली शक्ती जागी होते आणि लंडनचे साधे नागरिक रस्त्यावर उतरून एकमेकांना मारू लागतात.

ही कथा ज्या महिन्यांत आली ते लक्षात घ्यावं. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या टोळ्यांनी हल्ले केले होते. नील यांनी मंगळावरची गोष्ट सांगता सांगता ती दंगल प्रेक्षकांच्या दिवाणखान्यात आणली. शेवटी क्वाटरमास कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतो की ही जुनी वृत्ती आपल्या आत आहे, तिला ताब्यात ठेवलं नाही तर हा दुसरा मेलेला ग्रह होईल. शेवटचा भाग सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. मुंबईत १९९२-९३ च्या दंगली पाहिलेल्या माझ्यासारख्या बाईला ते पुस्तक फुटपाथवर मिळालं तेव्हा त्यातली गर्दीची पानं वाचताना हात थरथरले होते. ज्या गल्लीत रोज भाजी घेतली त्याच गल्लीत माणसं आडनाव विचारत फिरताना मी पाहिली होती. म्हणून मी या लेखकाला केवळ राक्षसांचा लेखक मानत नाही.

यानंतर नील यांनी 'लुक बॅक इन अँगर' आणि 'द एंटरटेनर' या जॉन ऑस्बर्नच्या नाटकांवरून निघालेल्या सिनेमांच्या पटकथा लिहिल्या आणि त्या दोन्हींसाठी त्यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीची नामांकनं मिळाली. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानमालिकेसाठी लिहायला त्यांना विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. आपल्या लेखात 'डॉक्टर हू'ला तीन परिच्छेद आहेत. त्या मालिकेने क्वाटरमासकडून किती उचललं याबद्दल त्यात एक ओळ असती तर बरं झालं असतं.

१९६३ मधलं 'द रोड' हे नाटक मला त्यांचं सर्वांत धाडसी काम वाटतं. अठराव्या शतकातलं खेडं. रानात दरवर्षी एका रात्री लोकांच्या पळण्याचे, रडण्याचे आवाज येतात. एक जमीनदार आणि एक तत्त्वज्ञ ते शोधायला जातात. सगळ्यांना वाटतं जुन्या सैन्याची भुतं असतील. शेवटी आवाज स्पष्ट ऐकू येतात आणि कळतं की ते भूतकाळातले नाहीतच, ते भविष्यातले आहेत. अणुबॉम्ब पडायच्या आधी मोटारींतून पळू पाहणाऱ्या माणसांचे. या नाटकाचं एकही ध्वनिचित्रमुद्रण आज उपलब्ध नाही. पहिल्या क्वाटरमासचे सहापैकी फक्त दोन भाग उरले आहेत, कारण तिसऱ्या भागापासून ध्वनिचित्रमुद्रणच केलं नाही. १९५५ मधलं हिममानवावरचं 'द क्रीचर' गेलं. १९६८ चं 'द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स' रंगीत केलं होतं, ते आता फक्त कृष्णधवल उरलं आहे. शीर्षक पाहून दचकू नका. त्यात एका कुटुंबाला ओसाड बेटावर ठेवतात, भोवती कॅमेरे लावतात आणि त्यांचं जगणं चोवीस तास दाखवतात. प्रेक्षक कंटाळू लागतात तसा कार्यक्रमवाले त्या बेटावर एक खुनी सोडतात. मृत्यू पाहून प्रेक्षक खदाखदा हसतात. घरात कोंडलेल्या माणसांवर कॅमेरे लावणारे कार्यक्रम जगात सुरू व्हायला तेव्हा तीसएक वर्षं अवकाश होता. आपल्याकडे मराठीतही त्या धर्तीचा कार्यक्रम आला आणि गाजला. त्याबद्दल आपल्या पानांवर पुष्कळ छापून येतं. १९६८ मध्ये कुणीतरी हे सगळं लिहून ठेवलं होतं, हेही कधीतरी छापावं.

'द स्टोन टेप' १९७२ च्या नाताळच्या रात्री लागलं. इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संशोधक आवाज साठवण्याचं नवं माध्यम शोधायला एका जुन्या वाड्यात येतात. एका खोलीत बऱ्याच काळापूर्वी मेलेल्या मोलकरणीची किंकाळी ऐकू येते. काहींना ती दिसते, काहींना फक्त ऐकू येते, एकाला तर काहीच जाणवत नाही. त्यांचा निष्कर्ष असा की भिंतीतल्या दगडानेच ती वेदना साठवली आहे. मग त्यांना हाव सुटते. यंत्रं लावून ते ती किंकाळी पुन्हा पुन्हा वाजवायला बघतात आणि ती पुसली जाते. तिच्याखाली आणखी जुनं, निनावी, फार भयंकर काहीतरी असतं आणि ते फक्त जिल या प्रोग्रामर तरुणीला जाणवतं. तिचं कुणी ऐकत नाही. पुरुषांनी भरलेल्या खोलीत खरं बोलणाऱ्या एकट्या बाईचं काय होतं, हे त्या नव्वद मिनिटांत आहे, आणि ते लिहिणारा पुरुष होता. आज भुतं शोधणारी मंडळी 'स्टोन टेप सिद्धांत' असं गंभीरपणे बोलतात. हे नाव नाटकावरून आलं याचा त्यांतल्या अनेकांना पत्ता नसतो.

सत्तरीच्या दशकात नील यांचं बीबीसीशी जमेना. 'बीस्ट्स' या मालिकेतल्या कथा आणि १९७९ ची शेवटची 'क्वाटरमास' बीबीसीच्या प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनीवर झाली. त्यात म्हातारा प्रोफेसर जॉन मिल्स यांनी केला. १९८२ मध्ये अमेरिकेत 'हॅलोवीन' या भयपटांच्या मालिकेतल्या तिसऱ्या सिनेमाची पटकथा त्यांनी लिहिली. निर्मात्यांनी तीत रक्तपात वाढवला तेव्हा त्यांनी आपलं नाव काढून घ्यायला लावलं. नाव मिळत नाही म्हणून झगडणाऱ्या लेखकाला नाव काढूनही घेता येतं, कारण ते त्याचं असतं. त्या प्रसंगाचा मला अभिमान वाटतो. १९८९ मध्ये सुझन हिल यांच्या 'द वुमन इन ब्लॅक' कादंबरीवरून त्यांनी लिहिलेला दूरचित्रपट नाताळच्या आदल्या रात्री लागला. तो मी पुढे पाहिला, आणि पलंगाजवळच्या त्या एका दृश्यानंतर काही दिवस दिवा लावून झोपत होते. २९ ऑक्टोबर २००६ रोजी ते वारले.

'द रोड'चं चित्रण गेलं, पण संहिता राहिली. त्या संहितेवरून बीबीसी रेडिओने २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा केलं. पहिल्या क्वाटरमासची संहिता होती म्हणून २ एप्रिल २००५ रोजी बीबीसीने ती पुन्हा थेट प्रक्षेपित केली, पहिल्यासारखीच. आपल्याकडे मालिकांच्या संहितांचं काय होतं? फाईल मोबाईलवर सेटवर जाते, प्रिंट काढतात, सीन झाला की कागद सेटवरच पडून राहतो. वर्षानुवर्षं चाललेल्या मालिकेची पूर्ण संहिता लेखकाकडेही नसते. मी माझ्या सगळ्या संहिता छापून बांधून ठेवते. एखाद्या विद्यापीठाने किंवा ग्रंथसंग्रहालयाने मराठी मालिकांच्या संहिता जमवायला सुरुवात केली तर माझ्या मी आनंदाने देईन, आणि माझ्या ओळखीचे बरेच लेखक देतील.

मराठी वाचक लेखकाचं नाव विसरणारा नाही. नारायण धारपांची भयकादंबरी वाचनालयात मागताना लोक 'धारपांचं नवीन काय आलंय' असंच विचारत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचंही तेच. पुस्तकाच्या बाबतीत असलेली ही चांगली सवय पडद्यासमोर बसल्यावर सुटते, कारण नाव पोहोचवणारं कुणी नसतं. शीर्षकपट्टी आता मोबाईलवर एका बोटात वगळता येते. उरतं ते वर्तमानपत्र.

म्हणून विनंती अशी. येत्या रविवारी पुरवणीत एवढी भर छापावी, की 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट', 'क्वाटरमास टू', 'क्वाटरमास अँड द पिट' आणि 'क्वाटरमास' या चारही मालिकांचे लेखक नायजेल नील (१९२२-२००६), आणि पहिल्या मालिकेचा शेवट लेखात दिला आहे तसा नाही. दुसरं, आपण दर आठवड्याला मालिकांचं आणि वेबसिरीजचं जे परीक्षण छापता, त्याच्या चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, कलाकार यांच्या जोडीला कथा, पटकथा आणि संवाद कुणाचे हे द्यावं. ही नावं मिळवायला त्रास नाही. निर्मितीसंस्थेला फोन केला तर कुणीही सांगतं, आणि तरी अडलं तर मालिकांच्या लेखकांचा एक मोठा गट आम्ही चालवतो, आम्ही त्याच दिवशी कळवू. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे, तो छापू नये.

आपली,
एक मालिकालेखिका, डोंबिवली (पूर्व)